बाबा, ‘यस’ दाबू नका!

घरातलं एखादं पोर आयटीत असलं की अख्ख्या खानदानाचा एक ठाम समज होऊन बसतो, हिला सगळं येतं. काकांचा प्रिंटर, मावशीचं व्हॉट्सअ‍ॅप, शेजारच्या काकूंचा सेट-टॉप बॉक्स... सगळ्यांवर औषध एकच, ‘ती पुण्याहून आली की दाखवू!’ मी हिंजवडीत दिवसभर एक्सेलमध्ये रिपोर्ट जुळवत बसते, हे कुणाला सांगून पटत नाही. आणि खरं सांगू? मलाही हा भाव खायला आवडतो.

तर मंडळी, २०२४च्या दिवाळीत मी साताऱ्याला घरी गेले ती अशाच ऐटीत. बॅगेत गणपतीत नेलेले रिकामे डबे आणि त्यांच्या मध्ये स्वेटरमध्ये गुंडाळलेली नवीकोरी ४ टेराबाइटची एक्स्टर्नल हार्ड डिस्क. बोनसमधून घेतलेली. तळहातावर मावेल एवढी, काळी, चकचकीत. मिशन एकच, बाबांच्या कॉम्प्युटरचा बॅकअप.

बाबांचा कॉम्प्युटर म्हणजे आमच्या घरातला ज्येष्ठ नागरिक. मी आठवीत असताना, २००४ साली, असेम्बल करून घेतलेला. पेन्टियम फोर, ५१२ एमबी रॅम, ८० जीबीची हार्ड डिस्क आणि विंडोज एक्सपी. तेव्हा ८० जीबी ऐकून कॉलनीतली पोरं ‘आयला!’ म्हणाली होती. मधे एकदा मॉनिटर बदलला, बाकी सगळं तेच. आईने शिवलेलं झालरीचं कव्हर अजून त्याच्यावर असतं. ‘नवीन लॅपटॉप घेऊन देते,’ म्हटलं की बाबा विचारतात, ‘याला काय झालंय?’ बाबा गणिताचे निवृत्त मास्तर. चालणारी वस्तू टाकायची नाही, हा त्यांचा पहिला सिद्धांत.

पण त्या दसऱ्याला फोनवर ते सहज बोलून गेले, ‘अगं, हल्ली सुरू व्हायला दोन-तीनदा बटण दाबावं लागतं. आणि आतून टकटक असा आवाज येतो.’

माझ्या पोटात गोळाच आला. कारण त्या डब्यात आजी होती.

म्हणजे आजीचा आवाज. २००६च्या उन्हाळ्यात बाबांनी एक स्वस्तातला माइक आणून आजीच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड केल्या होत्या. जेवणं झाली की पंखा बंद, खिडक्या बंद आणि आजीसमोर माइक. अशा अकरा दुपारी, पाऊण-पाऊण तासाच्या अकरा फाइल्स. आजी २००९ साली गेली. या फाइल्सची दुसरी कॉपी? नाही. ‘पुढच्या वेळी आले की नक्की करते,’ असं मी दहा वर्षं म्हणत होते. ऑफिसात सगळ्यांना ‘बॅकअप घ्या’ म्हणून मेल टाकणारी मी!

वायर बसली म्हणजे जमलं नव्हे

पाडव्याच्या सकाळी ओवाळणं उरकलं आणि मी कामाला लागले. डिस्कची वायर डब्याच्या पुढच्या पोर्टमध्ये खुपसली. दिवा लागला. विझला. परत लागला. आतून ‘टिक... टिक...’ आणि मग शांतता.

इथे पहिला धडा. तळहाताएवढ्या डिस्कला स्वतःचा अ‍ॅडॉप्टर नसतो, ती पोर्टमधूनच वीज घेते. यूएसबी २.० हे २००० साली आलेलं स्टँडर्ड. त्याचा पोर्ट जास्तीत जास्त ५०० मिलिअ‍ॅम्पिअर द्यायला बांधील आहे. २००८ साली आलेल्या यूएसबी ३.०मध्ये ते ९०० झालं. नव्या डिस्कला सुरू होताना जोर लागतो, आणि जुन्या डब्याचा पुढचा पोर्ट आतून एका लांब वायरने मदरबोर्डला जोडलेला असतो. तिथपर्यंत पोचेतो त्याचा जीव कमी झालेला असतो. उपाय सोपा आहे. मागच्या बाजूचा, थेट मदरबोर्डवरचा पोर्ट वापरायचा. तरी नाही जमलं तर अ‍ॅडॉप्टरवाला यूएसबी हब. टेबलावर उभ्या ठेवायच्या मोठ्या डिस्कना हा त्रास नसतो, त्या स्वतःचा अ‍ॅडॉप्टर घेऊनच येतात.

मागच्या पोर्टमध्ये लावल्यावर ‘टुंग’ आवाज आला. खाली कोपऱ्यात नवीन हार्डवेअर वापरायला तयार आहे, असा फुगाही आला. मी विजयी मुद्रेने बाबांकडे पाहिलं. माय कॉम्प्युटर उघडला. सी ड्राइव्ह, डी ड्राइव्ह, सीडी ड्राइव्ह. बस्स.

‘तुझी डिस्क कुठाय?’ बाबांनी विचारलं.

मग मी आयटीतला रामबाण इलाज केला. रीस्टार्ट. मग वायर बदलून रीस्टार्ट. मग पोर्ट बदलून रीस्टार्ट. दर वेळी तो डबा आतून टकटक करत चार-चार मिनिटं कण्हत होता. ‘तुमच्या ऑफिसात असंच करतात का?’ बाबा शांतपणे म्हणाले. (आणि हा माझा मूर्खपणाच होता. टकटक करणारी डिस्क जितक्यांदा बंद-चालू कराल तितकी ती लवकर जाण्याची भीती. ते पुढे येईलच.)

शेवटी डिस्क मॅनेजमेंट उघडलं. तिथे आमची चार टेराबाइटची राणी बसली होती खरी, पण तिच्यावर पाटी होती, ‘जीपीटी प्रोटेक्टिव्ह पार्टिशन’. एक्सपी जणू सांगत होता, इथे काहीतरी आहे, मला कळत नाही, मी हात लावणार नाही.

बत्तीस चौकटींचा हिशोब

आता हे काय प्रकरण आहे? सोसायटीच्या भाषेत सांगते. समजा, सोसायटीच्या मेन्टेनन्सच्या पावतीवर फ्लॅट नंबरसाठी दोनच चौकटी छापल्यात. म्हणजे ९९पर्यंत नंबर लिहिता येणार. उद्या बिल्डरने शेजारी चारशे फ्लॅट्सचा टॉवर ठोकला, तर? टॉवर खरा, माणसंही खरी, पण पावतीवर शंभरावा फ्लॅट लिहायला जागाच नाही.

हार्ड डिस्कवरही पत्ते असतात. डिस्कचे बारीक बारीक तुकडे, त्यांना सेक्टर म्हणतात, आणि एक सेक्टर परंपरेने ५१२ बाइटचा. कुठला भाग कुठून कुठपर्यंत, हे डिस्कच्या सुरुवातीला एका तक्त्यात लिहिलेलं असतं. जुन्या पद्धतीच्या तक्त्याचं नाव एमबीआर. त्यात सेक्टरच्या नंबरसाठी ३२ बिट, म्हणजे शून्य किंवा एक लिहायच्या ३२ चौकटी.

हे ऐकताच बाबांनी चष्मा चढवला आणि किराणा मालाच्या यादीच्या पाठीवर पेन्सिल चालवली. दोनचा बत्तिसावा घात, ४,२९,४९,६७,२९६. गुणिले ५१२. उत्तर आलं, २१,९९,०२,३२,५५,५५२ बाइट.

‘म्हणजे साधारण २.२ टेराबाइट. त्याच्या पुढचा पत्ताच लिहिता येत नाही. मग तुझी ४ची कशी चालेल?’

दोन मिनिटांत! मी गूगल करत होते तोवर बाबांनी प्रमेय सिद्ध करून टाकलं होतं.

मोठ्या डिस्कसाठी म्हणून नवा तक्ता आला, जीपीटी. त्यात पत्त्याला ६४ बिट, म्हणजे जागेची चिंता मिटली. पण नेहमीचा, ३२ बिटवाला विंडोज एक्सपी जीपीटी वाचत नाही. व्हिस्टापासून पुढचे सगळे विंडोज डेटा ठेवायच्या डिस्कवर तो आरामात वाचतात. म्हणून लक्षात घ्या, ‘जुना कॉम्प्युटर’ हा शब्द फार ढोबळ आहे. २००९च्या विंडोज सेव्हनचा सपोर्ट जानेवारी २०२०मध्ये संपला, पण तो लॅपटॉप माझी डिस्क मजेत उघडतो. सपोर्ट संपणं वेगळं आणि मोठी डिस्क कळणं वेगळं.

यात आणखी एक गंमत आहे. काही कंपन्यांनी २ टेराबाइटच्या वरच्या डिस्क एक्सपीवर चालवायला एक युक्ती केली होती. बाहेरच्या डबीतली चिप कॉम्प्युटरला सांगायची की माझा सेक्टर ५१२चा नाही, ४,०९६ बाइटचा आहे. तुकडा आठपट मोठा, म्हणजे तेवढ्याच पत्त्यांत आठपट जागा. चाललं की! पण अशी डबी बिघडली आणि आतली डिस्क काढून थेट कॉम्प्युटरला जोडली, की पत्त्यांचा हिशोब चुकतो आणि भरलेली डिस्क रिकामी दिसते. अशा वेळी घाबरून फॉरमॅट करू नका. डेटा तिथेच असतो, फक्त भाषा बदललेली असते.

भाऊबीजेचा थरार

दुसऱ्या दिवशी माझी चुलतबहीण, आमची ताई, भाऊबीजेला आली. माझा उतरलेला चेहरा बघून म्हणाली, ‘माझ्याकडे एक टीबीची आहे, ती लाव. दोनच्या आत आहे ना?’

बरोबर होतं की! एक टीबी, एमबीआर, पत्ता बसतोय. मी डिस्क लावली आणि बाबांना खुर्चीवर बसवून चहा आणायला गेले. आतून बाबांचा आवाज आला, ‘अगं, हा विचारतोय, डिस्क फॉरमॅट केलेली नाही, आता करायची का? करू ना?’

मी ट्रे तसाच ओट्यावर टाकून पळाले. बाबांचं बोट माउसवर, बाण ‘यस’वर.

‘बाबा, यस दाबू नका!’

मी इतक्या जोरात ओरडले की बाहेर पोरांनी फुलबाजी खाली टाकली. कारण त्या डिस्कवर ताईच्या लेकीची पहिली दोन वर्षं होती. पहिलं पाऊल, पहिला ‘आई’, सगळं. ताईच्या फोनवर त्यातलं निम्मंही उरलं नव्हतं.

झालं काय होतं? डिस्क फॉरमॅट केलेली होतीच. पण ताईच्या ऑफिसात मॅक आणि घरी विंडोज, दोन्हीकडे चालावी म्हणून ती ‘एक्सफॅट’मध्ये केलेली होती. पत्त्याचा तक्ता एक्सपीला कळला, पण आतली लिपी कळली नाही. एक्सपीसाठी एक्सफॅटचं अपडेट २००९ साली निघालं होतं. बाबांच्या मशीनमध्ये ते कधी टाकलंच नव्हतं. आणि ज्याला लिपी कळत नाही, तो वही कोरी समजून पुसून टाकू का, असं विचारत होता. तेही किती नम्रपणे!

मला विचाराल तर जुना कॉम्प्युटर आणि मोठी डिस्क यातला खरा धोका हाच आहे. डिस्क चालली नाही, तर काही बिघडत नाही. दुसरीकडे लावा. पण जुन्या मशीनला ती ‘कोरी’ वाटली आणि आपण मदत करायला म्हणून ‘यस’ दाबलं, की खेळ खल्लास. क्विक फॉरमॅट झाला असेल आणि वर काही लिहिलं गेलं नसेल, तर रिकव्हरीवाले बरंच काढून देतात. पण ती वेळ येऊच कशाला द्यायची?

ताईने डिस्क काढून पर्समध्ये टाकली आणि पर्सची चेन लावली. त्या दिवशी ती पर्स तिने खांद्यावरून उतरवली नाही.

खणातला आठ जीबी

मी हताश होऊन बसले होते. बाबा मात्र टेबलाचा खण चाचपत होते. ‘एक सांग. त्या ओव्या किती जागा घेतात?’

बघितलं. अकरा फाइल्स मिळून अडीच जीबी.

‘आणि तू आणलीस चार हजारची. सोळाशे पट. यातलं चालेल का बघ.’ त्यांच्या हातात कुठल्याशा सेमिनारमध्ये फुकट मिळालेला ८ जीबीचा पेन ड्राइव्ह होता.

मंडळी, चालला! फॅट३२ फॉरमॅटचा होता, आणि एक्सपीला ही लिपी पाठ. फॅट३२ला एकच पथ्य आहे, एक फाइल ४ जीबीच्या आत हवी. आमची प्रत्येक फाइल सव्वादोनशे एमबीच्या जवळपास. पहिली आली, दुसरी आली. दहाव्यापर्यंत सगळ्या आल्या. अकरावीला हिरवी पट्टी मधेच थांबली, टकटक वाढली आणि खिडकी आली, ‘डेटा एरर’. परत केलं. परत तेच. बाबांनी माझ्या हातावर हात ठेवला, ‘राहू दे. बंद कर. आता त्याला त्रास नको देऊ.’

तेच बरोबर होतं. आवाज करणाऱ्या डिस्कबद्दल नियम असा की सगळ्यात मौल्यवान वस्तू आधी, लहान वाटेने, बाहेर काढायची. बाकी सामान नंतर. मी मात्र आधी चार रीस्टार्ट मारून बसले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही तो डबा उघडला. आतली डिस्क काढून पोवई नाक्याकडच्या एका कॉम्प्युटर रिपेअरवाल्याकडे नेली. त्याने जुन्या आयडीई डिस्कला यूएसबी करून देणारा अ‍ॅडॉप्टर काढला, त्याला वेगळा पॉवर सप्लाय लावला आणि वायर माझ्या लॅपटॉपला जोडली. जुनी डिस्क नव्या मशीनवर लगेच उघडली. का नाही उघडणार? नव्याला जुन्याची भाषा येते, जुन्याला नव्याची येत नाही. मी दोन दिवस नव्या डिस्कला जुन्या कॉम्प्युटरच्या गळ्यात बांधत होते. करायला हवं होतं उलटं. जुनी डिस्क नव्या मशीनकडे आणायची, आणि तिथून नव्या डिस्कवर उतरवायची. इतकी साधी गोष्ट, पण आयटीवालीला सुचली नाही.

बाकीचा ५० जीबीचा संसार तासाभरात ४ टीबीवर आला. जुना यूएसबी १.१चा पोर्ट असता तर? तो सेकंदाला जेमतेम एक एमबी ओढतो, म्हणजे चौदा तास! अकराव्या फाइलसाठी त्या रिपेअरवाल्याने वेगळं सॉफ्टवेअर लावलं. ते खराब सेक्टरवर अडून बसत नाही, तेवढा भाग सोडून पुढे जातं. आमच्या नशिबाने बाबांनी फाइल्स डब्ल्यूएव्ही फॉरमॅटमध्ये ठेवल्या होत्या. त्यात आवाज दाबून छोटा केलेला नसतो, त्यामुळे एक तुकडा गेला तर तेवढाच आवाज जातो, बाकीचं शाबूत राहतं.

एक शेवटची ठेच मात्र लागलीच. बाबांचे जुने लेख लॅपटॉपवर उघडले, तर स्क्रीनवर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता चिवडा! ते श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेले, युनिकोडच्या आधीच्या पद्धतीचे. फॉन्ट नसला तर मजकूर दिसत नाही. म्हणजे फाइल येणं वेगळं आणि वाचता येणं वेगळं. जुनं मशीन भंगारात देण्याआधी असे लेख एकदा तिथेच उघडून प्रिंट तरी काढा, नाहीतर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा. आमचा डबा बाबा अजून टाकू देत नाहीत ते बरंच आहे. दुसरी जुनी डिस्क टाकून तो परत उभा राहिलाय. इंटरनेट मात्र त्याला लावायचं नाही, कारण एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४लाच संपला.

फ्रिजवर चिकटवा

• आधी मशीनवर कुठलं विंडोज आहे ते बघा. व्हिस्टा किंवा पुढचं असेल तर २ टेराबाइटच्या वरची डिस्क डेटासाठी बिनधास्त लावा. ३२ बिट एक्सपी असेल तर २ टीबीपर्यंतच, तीही एमबीआर आणि एनटीएफएस असलेली.

• मोठ्या डिस्कवर डेटा ठेवणं वेगळं आणि तिच्यावरून विंडोज सुरू करणं वेगळं. २ टीबीच्या वरच्या डिस्कवरून विंडोज सुरू करायला यूईएफआयवालं मशीन आणि ६४ बिट विंडोज लागतं.

• ‘१३७ जीबीच्या वर जुन्या मशीनला कळत नाही,’ असं कुणी सांगेल. ती अडचण आत बसवायच्या आयडीई डिस्कची. यूएसबीच्या डिस्कला ती लागू नाही, तिच्या डबीत स्वतःची चिप असते.

• यूएसबी ३ची डिस्क यूएसबी २च्या पोर्टमध्ये चालते, फक्त हळू. सी-टाइप वायर असेल तर साध्या पोर्टसाठी कन्व्हर्टर घ्या.

• काही जुनी मशीन मोठी डिस्क लावलेली असताना सुरूच होत नाहीत. घाबरू नका. डिस्क काढा, मशीन सुरू करा, मग डिस्क लावा.

• मॅक एनटीएफएस वाचतो, पण स्वतःहून त्यावर लिहीत नाही. दोन्हीकडे वापरायची तर एक्सफॅट, पण मॅक १०.६.५च्या आधीचा नको आणि एक्सपीला ते अपडेट हवं.

• १ टीबीची डिस्क ९३१ जीबी दिसली म्हणून दुकानदाराशी भांडू नका. कंपनी हजाराच्या हिशोबाने मोजते, विंडोज १,०२४च्या. आकडा दोघांचाही खरा.

• आणि भरलेली डिस्क लावल्यावर ‘फॉरमॅट करू का?’ असं कुणीही विचारलं, तर उत्तर ‘नो’. नेहमीच ‘नो’. डिस्क काढा, नव्या मशीनवर लावून बघा.

जाता जाता

परत निघायच्या आदल्या रात्री बाबांनी विचारलं, ‘मग आता या तुझ्या नवीन डिस्कचं आयुष्य किती?’

मास्तरांचा प्रश्न, म्हणजे नेमका दुखऱ्या जागी. मी खरं ते सांगितलं, ‘गॅरंटी नाही. ही पण एक दिवस टकटक करेल.’ म्हणून ओव्या आता तीन ठिकाणी आहेत. ४ टीबीवर माझ्याकडे, पेन ड्राइव्हवर बाबांकडे आणि एक कॉपी क्लाउडवर. तीन कॉप्या, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर, हा बॅकअपवाल्यांचा जुना नियम. मोठी डिस्क घेतली म्हणजे बॅकअप झाला असं नाही. डिस्क एकच असेल, तर मौल्यवान गोष्ट फक्त एका डब्यातून दुसऱ्या डब्यात गेली, एवढंच झालं.

मग आम्ही अकरावी फाइल लावली. सोळाव्या मिनिटाला आवाज तुटतो. चार-पाच सेकंद काहीच नाही, मग आजी परत सुरू होते. मला फार वाईट वाटलं. माझ्या दहा वर्षांच्या ‘पुढच्या वेळी’ची ती पोकळी होती.

बाबा मात्र ऐकत होते. म्हणाले, ‘इथे ती थांबली होती. पाणी मागितलं होतं तिने. मी म्हटलं, आई, रेकॉर्डिंग चालू आहे. तर म्हणाली, असू दे, त्याला पण पाज.’

मी फाइलच्या नावापुढे ते लिहून ठेवलंय, तिन्ही कॉप्यांवर. तुमच्याही घरी असा एखादा झालरीचं कव्हर घातलेला डबा असेल, तर या वीकेण्डला घरी जा. मोठी डिस्क नसली तरी चालेल. खणात एखादा पेन ड्राइव्ह असतोच.